तिने फोन उघडला नाही

त्या गुरुवारची गोष्ट अजून माझ्या मनातून गेलेली नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण निवृत्तीनंतर कोणी आठवण विचारली की मला आधी आठवते ते एक निनावी पत्र. नावे कोणाचीच देत नाही, कारण ती सगळी माणसे अजून तिथेच राहतात.

मालवण किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा कार्यभार तेव्हा माझ्याकडे होता. सकाळच्या टपालात ते पत्र आले, कम्प्युटरवर छापलेले. निनावी पत्रांत बरीचशी शेजाऱ्याच्या कुंपणाबद्दल असतात, पण हे तसे नव्हते. एका निवृत्त शिक्षिकेच्या किनाऱ्यालगतच्या घरी दर गुरुवारी सकाळी लग्न झालेल्या बायका मागच्या दाराने जातात, जादा कपडे घेऊन जातात; तिथे काय धंदा चालतो ते पोलिसांनी पाहावे, असा मजकूर होता. शेवटची ओळ अशी: 'नवऱ्याला कळलं तर सगळं संपेल, असे त्या आपसात बोलतात.'

योगायोगाने गुरुवारच होता. स्टेशन डायरीला नोंद करून मी आणि एक महिला हवालदार साध्या कपड्यांत निघालो. घराचे पुढचे दार बंद होते. वळसा घालून माडांतून मागे गेलो, तर समोर वाळू आणि शांत समुद्र. पाण्यात सहा बायका, जुन्या सलवार-कमीजमध्ये, एकमेकींचे हात धरून उभ्या. साठी उलटलेली शिक्षिका गळ्यात शिट्टी अडकवून एकीला सांगत होती, "पाय मार गो, पाय मार. समुद्र तुका खावचो नाय."

हवालदार आधी हसली, मग मी.

शिक्षिका ख्रिश्चन, आयुष्यभर शाळेत खेळ शिकवलेली. गावात सगळे तिला टीचर म्हणत. जन्म समुद्राकाठी गेला, पण गुडघ्याच्या वर पाणी कधी अनुभवले नाही, अशा बायकांना ती पोहायला शिकवत होती. भिजलेल्या कपड्यांत रस्त्यावरून जायला नको म्हणून मागचे दार. प्रकरण तिथेच संपले असते. पण मी टीचरना पत्र वाचून दाखवले आणि शेवटच्या ओळीला चाळिशीतली एक बाई टॉवेल गुंडाळत पुढे आली.

"परत वाचा," ती म्हणाली.

मी परत वाचले.

"हे वाक्य माझं आहे. मी ते फक्त टीचरना लिहिलं होतं, फोनवर. तोंडाने कुठे बोललेही नाही."

दुपारी ती ठाण्यात आली. नवऱ्याचे होड्यांची इंजिने दुरुस्त करायचे दुकान होते. पोहण्याबद्दल तिने घरात सांगितले नव्हते आणि अलीकडे तो तिच्यावर संशय घेऊ लागला होता. मला उपाय सोपा वाटला. म्हटले, "नवऱ्याला बोलावतो. फोन त्यांच्या हातात द्या. पाच मिनिटांत संशय फिटेल."

तिने फोन टेबलावर पालथा ठेवला.

"दाखवला तर मिटेल, हे मलाही कळतं, साहेब. पण मग हे कायमचंच होईल. त्याला शंका आली की मी फोन दाखवायचा. आणि त्यात टीचरनी, बाकीच्या बायकांनी मला विश्वासाने लिहिलेलं आहे. ते माझ्या नवऱ्याने का वाचावं?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तेव्हा हवालदार पुढे आली. "ताई, मेसेज आम्हाला नकोतच. तुम्हीच सेटिंगमध्ये जा आणि बघा, तुमचं खातं अजून कुठे जोडलेलं दिसतंय का."

जोडलेले होते. एका कम्प्युटरला, आठ दिवसांपासून.

"आमच्या घरात कम्प्युटर नाही," ती हळूच म्हणाली. "दुकानात आहे."

तिला विचारून, तिच्यासमोरच नवऱ्याला बोलावले. दणकट, कष्टाळू माणूस. मी आधी इंजिनांबद्दल बोललो. आपल्या कामाबद्दल बोलताना माणूस सैल होतो. मग पत्र पुढे ठेवले. कोपऱ्यावर काळ्या ऑइलचा पुसट डाग होता. त्याने डागाकडे पाहिले, मग आपल्या हाताकडे.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"नाय."

"मग पंचांना घेऊन दुकानातला कम्प्युटर बघावा लागेल."

त्याने पत्र माझ्याकडे परत सरकवले. शेवटी म्हणाला, "मीच लिवलंय." ती आंघोळीला गेली असताना त्याने तिचा फोन घराला लागूनच असलेल्या दुकानात नेऊन कम्प्युटरला जोडून घेतला होता. मेसेजांत गुरुवार, मागचे दार, जादा कपडे एवढेच सापडले, म्हणून त्याने पोलिसांना लिहिले. "माझी बायको खंय जाता, काय करता, तां माका कळाक नको?"

ती पोहायला जाते, हे मी तिच्या संमतीने सांगितले. त्याचा चेहरा एकदम उजळला. "पोहूक? मगे काय झालाच नाय, साहेब. मिटला."

"मिटला नाय," ती म्हणाली. आतापर्यंत माझ्याशी शुद्ध मराठीत बोलणारी बाई मालवणीवर आली. "मी पोहूक जातंय म्हणान तू सुटलस नाय. मी दुसरा काय लिवलेला आसता, तरी तां माझा होता. तू माका विचारूचा होता."

"विचारला आसता तर सांगितला आसतस?"

"नाय," ती म्हणाली. "तरीपण."

मी त्याला कायदा समजावला. दुसऱ्याच्या खात्यात परवानगीशिवाय शिरणे गुन्हा ठरू शकतो आणि त्यात नवरा म्हणून सूट लिहिलेली नाही. पोलिसांना खोटी माहिती देणे वेगळेच. तक्रार करायची की नाही, हे तिने ठरवायचे होते. तिने अर्ज लिहिला, पण म्हणाली, "आज जबाब घ्या आणि समज द्या. पुन्हा झालं तर गुन्हा नोंदवा." मग तिने आमच्यासमोर तो कम्प्युटर आपल्या खात्यातून काढून टाकला. आणि टीचरची माफी मागायला नवऱ्याला एकट्यालाच पाठवले. तो गेला. टीचरने त्याला अर्धा तास अंगणात उभे ठेवले आणि मग चहा दिला, असे हवालदारबाईंनी सांगितले.

वर्षभराने तो बाजारात भेटला. म्हणाला, "आता ती येकटी बुयांपर्यंत पोहता, साहेब." बुया म्हणजे खोल पाण्यात नांगरलेली तरंगती पिंपे; सांगताना त्याला झालेला अभिमान लपत नव्हता. फोनचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.

मी आयुष्यभर लोकांचे फोन जप्त केले. दर वेळी कारण लिहावे लागले, दोन पंच लागले, पंचनामा लागला, खाली सही लागली. एका अनोळखी गुन्हेगारासाठी आम्ही एवढे सांभाळतो आणि घरातल्या माणसासाठी यातले काहीच लागत नाही, असे मीही धरून चाललो होतो. त्या बाईने ते माझ्या लक्षात आणून दिले.

त्या गुरुवारी संध्याकाळी घरी हे सगळे बायकोला सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "माझ्या फोनचा पिन तुम्हाला माहीत आहे ना?"

"आहे."

"मी कधी सांगितला?"

तिने सांगितला नव्हता. मी तिच्या खांद्यावरून पाहिला होता, कधीतरी, सहज.

दुसऱ्या दिवशी तिने तो बदलला. नवा मी विचारला नाही, आणि आमचे अगदी उत्तम चालले आहे.