जनकोजींचा गुण्या

चेन्नईतल्या आमच्या मराठी मंडळात २००३ साली एक नियम होता आणि तो करणारा मीच, विद्याधर, बँकेतला अधिकारी आणि मंडळाचा चिटणीस: व्यासपीठावर फक्त शुद्ध मराठी. आदल्या वर्षी जनकोजींनी आपल्या तंजावरी मराठीत आभार मानले तेव्हा सगळं सभागृह हसलं. मीही हसलो, सांगायला लाज वाटते. त्यानंतर वर्षभर ते मंडळाकडे फिरकले नाहीत.

जनकोजी इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात फिटर. लोखंडी पाटा घासून सपाट करणं हे त्यांचं काम. केसाएवढा उंचवटा ते बोटाने ओळखत. त्यांची मुलगी संयुक्ता भौतिकशास्त्रात संशोधन करत होती. विश्व सपाट असल्याची बातमी त्या फेब्रुवारीत पेपरात आली, म्हणून मी तिचं व्याख्यान ठरवलं आणि फळ्यावर ऐटीत लिहिलं: ‘विश्व पोळीसारखे सपाट!’

मराठीतच बोलायचं म्हटल्यावर तिने हात टेकले. “अंकल, माझे अप्पा बोलतील.” लोक पुन्हा हसले असते तर हा माणूस आम्हाला कायमचा दुरावला असता.

व्याख्यानाच्या दिवशी जनकोजींनी आधी फळ्यावरची माझी पोळी पुसली.

“सार, सपाट मणजे पातळ नव्हे. त्रिकोणाचे तीन कोन मिळून एकशेऐंशी भरले, की जागा सपाट.”

गेल्या वर्षी सगळ्यांत मोठ्याने हसलेले हेरंबराव पहिल्याच रांगेत होते. रेल्वेतून निवृत्त झाले तरी सिग्नल देण्याची सवय गेली नव्हती. “अहो, विश्वाच्या आत बसून त्याचा आकार कसा कळणार?”

जनकोजींनी स्टूल घेतलं आणि दृष्ट लागू नये म्हणून दारात टांगलेला गोल कोहळा उतरवला. पिशवीतून काटकोन तपासायचा गुण्या काढला. देठापासून मध्यापर्यंत खडूची रेघ, मध्यावरून पाव फेरी, मग परत देठाशी. प्रत्येक कोपऱ्यावर गुण्या चपखल बसला.

“तीन काटकोन. दोनशे सत्तर! कोहळ्यावरच्या मुंगीला त्याचा आकार दिसत नाही, पण गुण्या असला तर कळतं. हे वळण येतं भारातून. विश्वातला माल ठरल्या मापाहून दाट असला, तर जागा अशी आत वळते. विरळ असला, तर खोगिरावानी पसरते, कोन कमी भरतात. नेमका असला, तर सपाट. आभाळातल्या सगळ्यांत जुन्या उजेडाचा त्रिकोण मोजला, तो सपाट भरला.”

“मग तेवढा माल सापडला का?” हेरंबरावांचा आवाज बदलला होता.

“आपण ज्याचे बनलो, तो शंभरात चार. बाकीचा काय, कोणाला ठावं नाही. माझ्या लेकीलासुद्धा नाही. पण आहे मणून गुण्या सांगतो.”

कोणी हसलं नाही. टाळ्या मात्र थांबेनात. मला इतका अभिमान वाटला की मी नियम केला होता हेच विसरलो.

“पोरी, वडिलांना झकास पढवलंस,” हेरंबराव म्हणाले.

संयुक्ता उठली. शब्द शोधत, पण मराठीतच बोलली. “मी नाही. अप्पांनी मला. सातवीत होते. असाच कोहळा, हाच गुण्या. मणून मी फिजिक्स घेतलं.”

जनकोजींनी खाली बघत खडूच्या रेघा पुसल्या आणि कोहळा परत टांगायला निघाले. स्टूल हेरंबरावांनी धरलं.