खण माझ्याच पिशवीत होता

जिना उतरता न येणारी बाई देवीकडे काय मागत असेल, असं कुणाला विचारलं तर सांगतील, चांगले पाय मागत असेल. मी पाय कधी मागितले नाहीत. माझी धाकटी जाऊ सुनंदा एकदा तरी जिन्यावर अडखळू दे, एवढंच मी मनातल्या मनात मागत आले. हे लिहिताना हात थांबतो आहे. पण देवीच्या दारात जे घडलं ते सांगायचं, तर हे आधी सांगायला हवं.

माझे पाय दिसायला धडधाकट आहेत. सपाट जमिनीवर मी अख्खा बाजार पालथा घालते. पायरी आली की मात्र बिनसतं. चढताना निदान पायरी तोंडासमोर असते, कठडा धरून मी कशीबशी जाते. उतरताना सगळ्या पायऱ्या एकमेकींत मिसळून एकच घसरण दिसायला लागते. पाय उचलला की तो कुठं टेकवायचा हे डोक्याला कळेपर्यंत अंगाचा तोल गेलेला असतो. माहेरी मला धांदरट म्हणायचे, सासरी आल्यावर सासूबाई नाटकी म्हणायला लागल्या. पुढं नांदेडच्या एका डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की डोळे चांगले, हाडं चांगली, पण मेंदूचा आणि पायांचा ताळमेळ जन्मापासूनच कमी. औषध नाही. सराव करा आणि आधार घ्या. आधार हा शब्द मला तिथंच टोचला, कारण आमच्या घरात आधार म्हणजे सुनंदा.

लातूरला आमचं भांड्यांचं दुकान खाली आणि राहणं वर. सुनंदा एका हातात चहाचा ट्रे आणि दुसऱ्या हातानं निऱ्या सावरत खाली दुकानात जायची, तेव्हा तिच्या जोडव्यांचा टकटक आवाज मी स्वयंपाकघरातून ऐकायची. कपातला चहा बशीत सांडायचा नाही. मी जिन्याच्या तोंडाशी उभी दिसले की ती खालूनच हात पुढं करायची, "या आक्का, धरा." मी म्हणायची, "राहू दे, मला काही काम न्हाई खाली." काम असायचं. मग ती गेल्यावर मी कठड्याला दोन्ही हातांनी बिलगून, खेकड्यासारखी आडवी उतरायची. तिनं माझं कधी वाकडं केलं नाही, आणि तेच मला सोसायचं नाही. ती वाईट असती तर मला किती सोपं गेलं असतं!

माहूरची रेणुका आमची कुलदेवी. गडाच्या पायऱ्यांमुळं मी दरवेळी खाली एखाद्या दुकानाच्या बाकड्यावर बसून राहायची, आणि थोरल्या सुनेनं भरायची ओटी धाकटी भरून यायची. खाली आली की आधी माझ्या हातावर तांबूल ठेवायची. देवीच्या तोंडचा तो कुटलेला विडा मी खायची, पण गोड लागायचा नाही. हिनं देवीला डोळे भरून पाहिलं आणि मला उरलेलं आणलं, असंच वाटायचं.

मुलाचं लग्न ठरलं, मुलगी किनवटची, प्रणिता. बस्ता नांदेडला बांधायचा ठरला. दुकान नवं, तीनमजली, आणि शालू वरच्या मजल्यावर. वर जायला सरकता जिना. सगळे एकामागून एक त्यावर चढून वर निघाले. मी खाली उभी. एक पायरी पायाखालून निघून जायची, दुसरी यायची, मी पाय उचलायची आणि परत ठेवायची. माझ्यामागं लोकांची रांग लागली. "अहो मावशी, चढा की, नाही तर बाजूला व्हा," कुणीतरी म्हणालं. वरून सुनंदानं वाकून हाक मारली, "थांबा आक्का, मी येते खाली." प्रणिताच्या माहेरची माणसं बघत होती. मी हसून म्हटलं, "कशाला, मी खालीच टॉवेल-टोपी बघते. तूच बघ शालू." आणि माझ्या सुनेचा शालू सुनंदानं निवडला. छान निवडला. मोरपंखी. तो पाहिल्यावर माझ्या पोटात जी आग पडली ती लग्न पार पडेपर्यंत विझली नाही.

लग्नानंतर नव्या सुनेची पहिली ओटी. आमच्या घरची रीत अशी, की देवीच्या ओटीचा खण आणि नारळ घरून न्यायचा. आदल्या दिवशी घरच्या देवापुढं ठेवायचा, हळदकुंकू लावायचं. गडावर विकत घेतलेला चालत नाही. आणि पहिली ओटी भरताना सासूनं सुनेच्या शेजारी उभं राहायचं. पायथ्याशी गाडीतून उतरलो तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, डोलीत बस ना. किती लोक बसतात."

"चौघांच्या खांद्यावर जायची मला अजून घाई न्हाई," मी म्हटलं. सगळे हसले. दीर म्हणाले, "मग चुलतसासू हायच की. सुनंदा उभी राहील." ते सहज बोलले. मी ओटीची पिशवी सुनंदाच्या हातात दिली. पिशवीत साडी होती, तांदूळ होते, हळदकुंकू होतं. खण आणि नारळ मात्र मी गाडीतच काढून माझ्या पिशवीत, शालीखाली सरकवून ठेवले होते. का? वर गेल्यावर सगळ्यांपुढं सुनंदाचं काहीतरी चुकावं म्हणून. तिला एकदा तरी मान खाली घालावी लागावी म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

ते दिसेनासे झाले आणि मी बाकड्यावर बसले. आधी बरं वाटलं, खोटं कशाला सांगू! मग फोन वाजायला लागला. सुनंदाचं नाव. मी उचलला नाही. पुन्हा वाजला, पुन्हा नाही उचलला. तिसऱ्यांदा प्रणिताचं नाव आलं. सुनंदाची फजिती करायच्या नादात मी त्या पोरीची पहिली ओटी अर्धी ठेवत होते. घर मांडायला निघालेली ती पोर देवीपुढं खणाशिवाय उभी राहणार होती, आणि तो खण तिची सासू मांडीवर घेऊन खाली बसली होती. फोन उचलून "इथंच राहिला गं" म्हणता आलं असतं, कुणीही येऊन घेऊन गेलं असतं. पण खोटं बोलायला तोंडच उघडेना. मी पिशवी खांद्याला लावली आणि पायऱ्यांकडं गेले.

थोड्या पायऱ्या चढले आणि गर्दीचा एक लोट वरून आला. मी कठड्याला चिकटले. मागं वळून बघितलं, आणि तिथंच चुकलं. खालच्या साऱ्या पायऱ्या एक होऊन गेल्या. वर जाववेना, खाली उतरवेना. डोळे मिटून मी म्हटलं, "आई, माझ्या पापाचं काय करायचं ते कर, पण हा खण तेवढा वर घे."

डोळे उघडले तर माझ्या पायाशी एक बाई वाकलेली. तेलंगणातली असावी, पुष्कळ लोक येतात तिकडून. हातात ताटली. कठड्याच्या बाजूनं, पायरीच्या अगदी काठावर तिनं हळदीचं बोट ओढलं, वर कुंकवाचा टिळा लावला, नमस्कार केला आणि पुढच्या पायरीवर गेली. प्रत्येक पायरीची पूजा करत वर जायचा तिचा नवस होता. मी वाट अडवून उभी म्हणून तिनं वर पाहिलं. माझा चेहरा बघून हसली. "रा अम्मा," म्हणाली, "मेल्लगा, मेल्लगा." हळूहळू ये, एवढं मला कळलं.

मी खाली पाहिलं. पिवळा पट्टा, त्यावर लाल टिळा. पायरी कुठं सुरू होते आणि कुठं संपते, ते मला आयुष्यात पहिल्यांदा लख्ख दिसत होतं. ती वाकायची, हळद लावायची, पुढं सरकायची. मी त्या पिवळ्या काठापलीकडं पाय टेकवायची. तिच्या पूजेच्या चालीनं मी चढत गेले. एकदाच तिनं ताटलीतल्या नारळाकडं बोट दाखवून मोडक्या मराठीत सांगितलं, "लेकीला बाळ झालं." मी म्हटलं, "माझ्या सुनेची ओटी हाय." तिला समजलं की नाही कोण जाणे.

वर पोचले तर आमची माणसं रांगेतून बाहेर निघून एका बाजूला उभी. दीर वैतागलेले. "किती वेळ खोळंबायचं? इथल्या दुकानातून घे खण अन् चल."

"न्हाई," सुनंदा म्हणत होती. "आक्का आणतील."

"अगं, वैनीला चढता येतं का?"

"न्हाई येत. तरीबी आणतील, बघा तुम्ही."

ते ऐकून माझं मन भरून आलं, असं लिहिलं तर शोभून दिसेल. तसं झालं नाही. आधी मी जळलेच. विश्वास टाकायचा मोठेपणाही हिनंच घ्यावा? मग तिनं मला पाहिलं, धावत आली, आणि खण-नारळ माझ्याकडून न घेता मला प्रणिताच्या शेजारी नेऊन उभं केलं. स्वतः मागं सरली. गाभाऱ्यात शेंदरी मुखवट्यापुढं मी प्रणिताकडून देवीची ओटी भरून घेतली. एवढी वर्षं जिचं नुसतं वर्णन ऐकत होते ती माझ्यासमोर होती. मला काही मागता आलं नाही.

उतरायची वेळ आली. पहिल्या पायरीशी मी थांबले. कडेला हळदीचे पट्टे थोडे पुसट झालेले, तरी दिसत होते. ती बाई गर्दीत कुठं गेली, मी पुष्कळ शोधलं, सापडली नाही. ती कोण होती यावर मला काही म्हणायचं नाही. तिनं तिचा नवस फेडला, आणि त्यात माझी वाट झाली.

सुनंदा माझ्यापेक्षा एक पायरी खाली उतरून उभी राहिली. या खेपेला मीच म्हटलं, "हात दे गं."

तिनं दोन्ही हात दिले आणि उलट्या पावलांनी उतरायला लागली. माझी नजर पायांवर, त्यामुळं तिचं तोंड बघावं लागत नव्हतं. म्हणूनच बोलता आलं. "खण राहिला नव्हता, सुनंदा. मी काढून ठेवला होता. तुझी फजिती व्हावी म्हणून."

तिचे हात क्षणभर घट्ट झाले. मला वाटलं, आता सोडते. सोडले नाहीत. बऱ्याच पायऱ्या आम्ही तशाच उतरलो. मग ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. फोन उचलीत नव्हत्या ना." पुढची पायरी उतरून म्हणाली, "राग आलाय मला आक्का, लई आलाय. पण आत्ता भांडू नका. खाली उतरल्यावर भांडू."

खाली उतरल्यावर ती खरंच भांडली, गाडीच्या आडोशाला, रडून भांडली. बस्त्याच्या दिवशी मी शालूबद्दल कौतुकाचा एक शब्द बोलले नव्हते, तेसुद्धा तिनं काढलं. मी ऐकून घेतलं. माझा मत्सर गेला, असा दावा मी करणार नाही. परवाच ती गच्चीवरून पापडांचं सूप घेऊन धडाधड उतरली आणि माझ्या छातीत कळ आलीच. पण आता तेव्हाच देवीचं नाव येतं ओठावर. शरण जाणं म्हणजे डोळे मिटून हात जोडणं, अशी माझी समजूत होती. माझ्यावर कृपा झाली ती जोडलेले हात सोडवून दुसऱ्याच्या हातात द्यावे लागले तेव्हा. ज्या हाताचा मी इतका दुस्वास केला, देवीनं नेमका तोच पुढं केला, आणि तो मला घ्यावा लागला. त्याबद्दल तिचे उपकार मी कसे फेडू!