आपल्यापैकी जो पहिला जाईल त्याच्यासाठी

आज मी पदवीधर आहे, नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत नोकरीला आहे, ते शिमोन मास्तरांमुळे. मास्तर आमच्या चर्चचे धर्मशिक्षक. आई-वडील ऊसतोडीला गेले की आमच्या गावी, कोल्हारला, मला स्वतःच्या घरी ठेवून त्यांनी आणि बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, शिकवलं. अमानवीय वगैरे गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, अजूनही बसत नाही. तरीही लिहितोय...

दोन नोव्हेंबर म्हणजे आमचा मृतांचा दिवस. कबरींना चुना लावतो, झेंडू वाहतो, मेणबत्त्या लावतो. फादर पवित्र पाणी शिंपडून पुढच्या गावाला जातात, मग मास्तर सगळ्यांकडून जपमाळेची प्रार्थना म्हणवून घेतात. शेवटची प्रार्थना ठरलेली – "आता आपल्यापैकी जो पहिला जाईल, त्याच्यासाठी." लहानपणी आम्ही कोपर मारून एकमेकांना म्हणायचो, तुझा नंबर. मास्तरांना ऐकू जायचंच. "माझाच हाय. गप उभे ऱ्हावा."

यंदा मास्तर नगरला मुलीकडे अंथरुणावर. वाचा गेलेली. जपमाळ मला घ्यायला सांगितली. शेवटी ती प्रार्थना मी गाळली. म्हटली असती तर प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे मास्तरच आले असते. आमेन म्हणून मी मेणबत्त्यांचा खोका उचलायला वाकलो.

तेवढ्यात मागून, लिंबाखालून, आवाज आला. "आता आपल्यापैकी जो पहिला... जाईल, त्याच्यासाठी."

तोच घोगरा आवाज, 'पहिला' म्हटल्यावर तसंच थांबणं. सवयीनं सगळ्यांनी माना खाली घालून उत्तरादाखल 'नमो मरिया' म्हटली. मीसुद्धा. मग मार्था मावशी मागं वळली.

"मास्तर कवा आले रं?"

लिंबाखाली कोणी नव्हतं. दुपारचं लख्ख ऊन होतं.

मी तिथूनच ताईला, म्हणजे मास्तरांच्या मुलीला, फोन लावला. बाबा झोपलेत म्हणाली. "आत्ता नुसते ओठ हलत होते. पाणी मागतात वाटलं, पण पाणी घेईनात."

कुणाच्या मोबाईलवर जुनं रेकॉर्डिंग होतं का, सगळ्यांना विचारलं. नव्हतं. आवाज मात्र सगळ्यांनी ऐकलाय. याचा उलगडा मला आजही झालेला नाही. त्याच आठवड्यात मास्तरांना पत्र पाठवलं, ताईनं वाचून दाखवावं म्हणून –

आदरणीय मास्तर,
येशूच्या नावाने सलाम. बाईंच्या कबरीला चुना लावला, शेवंती वाहिली. तुमची शेवटची प्रार्थना माझ्या तोंडून निघेना, म्हणून गाळली. ती तुम्हाला म्हणावी लागली, माफ करा. पुढच्या वर्षी मीच म्हणेन. आम्ही सगळ्यांनी मिळून उत्तर दिलं होतं. ते तिकडे पोचलं असेल, तर ताईचा हात एकदा दाबा.
तुमचा,
योसेफ