हळवं भात आणि पाखरं

ऐंशीच्या दशकात मी शेतीखात्याचा साधा सहायक होतो. धामापूरच्या तळ्याजवळच्या एका वाडीत, काकींच्या पडवीतल्या खोलीत राहायचो. नवरा गेल्यापासून काकी एकट्याच. तळ्यावरचं धुकं सकाळी अंगणात शिरायचं आणि मला रोज वाटायचं, आपण अजून झोपेतच आहोत. आमच्या साहेबांचंही माझ्याबद्दल तेच मत होतं.

लागोपाठ दोन वर्षं पाऊस हस्ताआधीच पळाला होता. उशिरा तयार होणारं गरवं भात लोंबी बाहेर पडायच्या आधी, पोटरीतच सुकलं. लवकर पिकणारं हळवं भात पेरा, असं मी घरोघर सांगत फिरलो. लोक मान डोलवायचे, चहा द्यायचे. ऐकलं फक्त काकींनी. त्यांचा शेताचा एकच तुकडा, वर्षाचं पोट त्यावर. माझ्या शब्दावर त्यांनी गरव्याचं जुनं बियाणं कांडून खाल्लं आणि हळवं पेरलं.

भात सुरेख आलं. सगळीकडे हिरवं आणि मधोमध तेवढाच तुकडा पिवळा. तो पाखरांनाही दिसत असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. दुसरीकडे कुठे काही पिकलंच नव्हतं, त्यामुळे पंचक्रोशीतले पोपट तिथेच उतरले.

मी रजा टाकली. शेतातल्या माळ्यावर आम्ही दोघं वाजवायला रिकामे डबे घेऊन बसलो. माझा खाकी शर्ट घालून बुजगावणं उभं केलं.

"तुकाच वाडीत कोण भियत नाय," काकी म्हणाल्या, "तुज्या शर्टाक पाखरां काय भियातली?"

कोवळं ऊन, भाताचा गोड वास, डब्याचा ठेका. थवा उठायचा, वळायचा, पुन्हा बसायचा. ते दिवस अजून स्वप्नात येतात. सांगायला लाज वाटते, पण त्या माळ्यावर मी सुखी होतो. खाली काकींच्या ताटातलं कमी होत होतं.

निम्मं भात गेलं. पण पाऊस त्याही वर्षी लवकर संपला आणि शेजाऱ्यांच्या गरव्याच्या लोंब्या पोकळ निघाल्या. मग माणसं काकींकडे बियाणं मागायला आली.

"देऊ नका, काकी. तुम्ही काय खाणार?" मी म्हटलं.

"पेज. आणि तू आसस मां." मग त्या लोकांकडे वळल्या. "माजी एक अट आसा. सगळ्यांनी एकाच आठवड्यात पेरूक होया."

वर्षभर मी मालवणच्या बाजारातून तांदूळ आणत राहिलो. त्या तो शिजवायच्या, पण बरा आहे असं एकदाही म्हणाल्या नाहीत.

पुढच्या वर्षी तळ्यापर्यंतची सगळी शेतं एकदम पिवळी झाली. थवा आला, वाडीवर बराच वेळ घिरट्या घालत राहिला आणि थोडा इथे, थोडा तिथे उतरला. आमच्या तुकड्यात चारपाच पोपट बसले. मी डबा उचलला.

काकींनी माझा हात धरला. "रवांदे. खावंदेत आता."