तेलाच्या झाकणावरचं कुंकू

मॅनेजरनं बॉनेट उघडलं. तेलाच्या झाकणावरचं कुंकू बघितलं आणि शोरूममधल्या सगळ्यांना हाक मारली.

"या, बघा. इंजिन तेल खातंय म्हणून यांनी पूजा घातलीय."

सगळे हसले. चहा पीत बसलेलं एक गिऱ्हाईक कप घेऊनच बघायला आलं. त्याला मॅनेजर म्हणाला, "बसा सर, तुमची गाडी धुऊन होतेय." मी माझ्या गाडीशेजारी उभा. गाडी माझी, पैसे माझे, आणि चोरही मीच.

कमलनगरहून खेड्यांना मी सवाऱ्या नेतो. गाडी नवी, वॉरंटीतली, तरी तेल प्यायला लागली. मागून निळा धूर. बायाबापड्या नाकाला पदर लावून बसायच्या. बीदरच्या शोरूमला गेलो की कधी म्हणायचे नवं इंजिन थोडं खातंच, कधी म्हणायचे तू चालवतोसच वाईट. माझ्याशी कायम अरे-तुरे. शेवटी त्यांनी तेल खुणेपर्यंत भरलं. झाकणाला, तेल मोजायच्या दांडीला, तेल सोडायच्या खालच्या बोल्टला कागदी सील लावलं. ठरलेलं अंतर चालवून आण, किती उतरलं ते मोजू, म्हणाले. सील तुटलं की वॉरंटी संपली.

मी ते सील तळहातावरच्या फोडासारखं जपलं.

मधे खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी पोट भरणारं प्रत्येक हत्यार पुसतात, पुजतात. इळा, कुऱ्हाड, तशी गाडी. मी फुलं आणायला गेलो होतो. मायनं शेजाऱ्याकडून बॉनेट उघडून घेतलं आणि ओल्या फडक्यानं इंजिन पुसलं. झाकणावरचा कागद निघून हातात आला. ती घाबरली. कणकेची खळ करून तिनं तो होता तसा चिकटवला आणि वर कुंकू लावलं. मी आल्याबरोबर तिनं सगळं सांगितलं. मीही मॅनेजरपासून काही लपवलं नाही.

"साहेब, मायनं पुसलंय. तेलाला कुणी हात लावला न्हाई. बाकीचे सील जागेवर हायेत. दांडी काढून बघा की. इंजिन तेल खायलंय."

त्यानं दांडी काढलीच नाही. नखानं कुंकू खरवडलं, बोट माझ्या गाडीलाच पुसलं.

"तुम्हा लोकांना बैलगाडीच बरी."

मग त्यानं एक कोरा कागद पुढं केला. इंजिनशी छेडछाड केली, चूक माझी, असं लिहून दे. मग मेहेरबानी म्हणून वर विचारून बघतो. मी पेन घेतलं. खोटं का सांगू, लिहिणार होतो. गाडी उभी राहिली की घरातली चूल थंड होते. नाक घासून काम होत असेल तर घासायचं, हेच शिकत आलोय आम्ही.

तेवढ्यात तो म्हणाला, "आणि उद्या म्हातारीला घेऊन ये. तिचाही अंगठा लागेल याच्यावर."

माझ्या मायचा अंगठा आयुष्यभर असाच घेतलाय लोकांनी. कशावर, ते कधी वाचून दाखवलं नाही.  

मी पेन ठेवलं.

"माय कामून येईल? तिनं गुन्हा केला न्हाई. अन् मी बी लिहीत न्हाई."

"मग गाडी घेऊन जा."

"गाडी हितंच ऱ्हाईल. नीट करून द्या."

त्यांनी ती ढकलत फाटकाबाहेर नेली. मी बसनं घरी आलो. माय दारातच होती.

"माझ्यामुळं झालं व्हय रं?"

"न्हाई माय. इंजिनच खराब हाय."

तिला पटलं नाही. त्या दिवसापासून ती माझ्या कुठल्याच वस्तूला हात लावत नाही, आणि याचं दुःख मला गाडीपेक्षा जास्त आहे.

माझी गाडी अजून शोरूमच्या फाटकाबाहेरच उभी आहे, आता मी दुसऱ्याची गाडी चालवतो. ग्राहक न्यायालयात अर्ज दिलाय. नुसत्या तारखा पडतात. त्यांचा वकील इंग्रजीत बोलतो, मी बघत बसतो. जिंकेन असं वाटत नाही. परवा त्यांचा माणूस घरी आला होता. म्हणाला, त्याच कागदावर म्हातारीचा अंगठा द्या, मिटवून टाकू.

मी मायसमोर त्याला सांगितलं, "गाडी गंजून माती झाली तरी चालंल. अंगठा मिळणार न्हाई."