संदर्भसूचीतलं माहेर

पीएच.डी.ची वाढीव मुदत त्या महिन्यात संपत होती आणि माझा प्रबंध संदर्भसूचीपाशी अडला होता. विषय होता गावतलाव आणि मासेमारीचा कायदा. नवरा फॅक्टरीच्या बसने गेला की जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये मी सूची लावायला बसायची. आधी आडनाव, मग नावाचं आद्याक्षर, साल, पुस्तक, प्रकाशक. एक स्वल्पविराम चुकला तरी मार्गदर्शक सर पान परत पाठवायचे.

कायद्यांचं बरं होतं. त्यांची यादी वेगळी, नाव आणि साल लिहिलं की झालं. कायद्याला ना माहेर, ना सासर.

मला दोन्ही होतं. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं आणि माहेरचं, एकोडी गावातलं जुनं नाव आडनावासकट तिथेच संपलं. पण त्या जुन्या नावाने माझं एक छोटं पुस्तक निघालं होतं, आमच्या तलावावरचं. प्रती माहेरीच राहिल्या. प्रबंधाचं दुसरं प्रकरण त्यावरच उभं होतं, आणि विद्यापीठाच्या तपासणीत नेमकं तेच सापडलं. म्हणे उमेदवाराने दुसऱ्या बाईचा मजकूर उचलला आहे.

ती बाई मीच, असं मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "मला माहीत आहे. पण कागदावर कुठे आहे?" नावबदलाचं शपथपत्र, राजपत्र यांत मुदत निघून गेली असती. उरला एकच मार्ग. परक्या लेखिकेची करतात तशी नोंद करायची, मुखपृष्ठावर असेल त्याच नावाने.

घरी यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर "सोड मंग" एवढंच ऐकावं लागलं असतं. मला संताप आला, रडूही आलं. दार उघडं होतं तरी त्या खोलीत कोंडल्यासारखं वाटत होतं. शेवटी नोंद केली, आणि प्रकरणात जिथे जिथे "मी" होतं तिथे "लेखिका म्हणतात" असं केलं.

संध्याकाळी नवरा छापील सूची तपासायला बसला. त्याची नजर बारीक. एका ओळीवर त्याचं बोट थांबलं.

"हे कोन होय व? तुह्या माहेरचं कोनी दिसते."

"हो," मी म्हणाले. "लगन झालं, मंग लिहिनं सुटलं तिचं."

त्याने ती ओळ पुन्हा एकदा नीट वाचली.

"नाव बराबर टाकजो मंग," तो म्हणाला. "नाही त वाईट वाटन तिले."