यादीतला दोनशे बारावा

तीस वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत लोकांचं रक्त काढून डासबाई निवृत्त झाल्या आणि चारच महिन्यांत पुन्हा तेच काम करू लागल्या. नाव सहकाऱ्यांनी ठेवलेलं. "डासापेक्षा माझा हात हलका आहे," एवढीच त्यांची दुरुस्ती.

काम म्हाताऱ्यांवरच्या संशोधनाचं होतं. माणूस आतून किती झिजलाय, हे रक्तातल्या आणि लाळेतल्या खुणांवरून ओळखायचं. प्रमुख डॉक्टरबाईंना सगळ्या थरांतले म्हातारे हवे होते. आले मात्र निवृत्त अधिकारी, तेही सकाळचं फिरणं उरकून. त्यांचे रिपोर्ट पाहिले तर म्हातारपण ही अफवाच वाटावी. म्हणून डासबाईंना गोदामांमागच्या वस्तीत पाठवलं.

तिथे पहिल्याच खोलीत त्र्याहत्तर वर्षांचा हमाल भेटला. पाठीला बाक, पायाच्या अंगठ्याला गुंडाळलेली चिंधी, जीभ मात्र धडधाकट.

"रिपोर्ट कधी देणार?"

"अभ्यास संपला की. पाच वर्षांनी."

"मग माझा वरचा पत्ता लिहून घ्या."

तरी त्यानं हात पुढे केला. बाई तीन जिने चढून आलीय, रिकाम्या हातानं कशाला पाठवायची, म्हणाला.

कुणाचं कुणाला कळू नये म्हणून नळ्यांवर नावं नसायची, फक्त आकडे. पण चिठ्ठ्या चिकटवायच्या डासबाईंनीच. तपासणीची यादी आली तेव्हा दोनशे बाराव्या ओळीत तीन महिन्यांची सरासरी साखर साडेअकरा होती, साडेसहाच्या वर मधुमेह धरतात, आणि दोनशे बारा कोण हे त्यांना पाठ होतं. त्याला कळवू का, असं त्यांनी डॉक्टरबाईंना विचारलं.

"नियमाप्रमाणे तो कोण, हे आपल्याला माहीतच नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी डासबाई पुन्हा तीन जिने चढल्या.

"मी काही सांगायला आलेली नाही," त्या धापा टाकत हमालाला म्हणाल्या. "पण उद्या उपाशीपोटी सरकारी दवाखान्यात जा. अंगठाही दाखवा."

"न सांगता एवढं सांगता, मग सांगायला बसलात तर काय कराल?" हमाल म्हणाला. पण गेला. जखम दोन महिने चिघळत होती. अंगठा थोडक्यात वाचला.

त्यानं ही गोष्ट वस्तीभर केली. पुढच्या आठवड्यात एकेचाळीस म्हातारे-म्हाताऱ्या बाह्या सरसावून रांगेत उभे. डॉक्टरबाई हरखल्या, आणि कारण कळल्यावर गंभीर झाल्या. नियम मोडला म्हणून डासबाईंना फ्रिजच्या खोलीत नळ्या मोजायला बसवलं. त्यांच्या जागी गेलेल्या माणसाला वस्तीत कुणी दार उघडेना. "आमची बाई पाठवा," एवढंच उत्तर.

सहा आठवड्यांनी संशोधनाची समिती बसली. धोक्याचा आकडा आला तर आठ दिवसांत कळवायचं, असा नवा नियम झाला आणि डासबाई पुन्हा वस्तीत गेल्या. वर्षअखेरीस पहिल्या टप्प्याचा अहवाल छापून आला. 'सहभागींचा विश्वास मिळवण्यासाठी संशोधकांनी विकसित केलेली पद्धत' यावर त्यात सव्वा पान होतं. डासबाईंना झालेल्या शिक्षेचा उल्लेख नव्हता. अर्थात डासबाईंचाही नव्हता.

त्यांना अहवाल वाचायला वेळही नव्हता. इस्त्रीवाल्यांच्या गल्लीत अजून कुणी तयार होत नव्हतं. तिथल्या एका आजींची अट होती: आधी स्वतःचं काढून दाखव. डासबाईंनी दंडाला पट्टा बांधला, दाताने आवळला आणि काढून दाखवलं.

आजींनी नळी उजेडात धरून पाहिली. "बरं, लाल आहे," त्या म्हणाल्या. "आता माझं घे."